हापूसचा इतिहास सहावी-सातवीच्या मुलांना शिकवायचाय. गावातच काय काय सापडेल?

कातळफूल · २ जून

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातल्या एका लहान शाळेत शिकवते. सहावी-सातवी मिळून एकोणीस पोरं. मागच्या वर्षी 'आमचा आंबा' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. एकोणीसच्या एकोणीस वह्यांत पहिली दोन वाक्यं तीच: हापूस हा फळांचा राजा आहे, हापूस पोर्तुगीजांनी आणला. आणि ही पोरं मोहोराच्या वासात जन्मलेली. फवारणीचा पंप कुठल्या वेळी लागतो ते मला त्यांच्याकडून कळतं. त्यातलं एक अक्षर निबंधात नव्हतं.

म्हणून यंदा तक्ते-बिक्ते नकोत असं ठरवलंय. गावात जे आहे त्यावरूनच गावच्या बागायतीचा इतिहास मुलांनी शोधायचा. हाताशी काय आहे ते सांगते. शाळेमागे एक जुनी बाग आहे, तिथल्या कातळावर सुरुंगासाठी मारलेल्या भोकांच्या अर्धगोल खुणा अजून दिसतात. खाली खाडीला मोडका धक्का आहे. म्हातारी माणसं आहेत. आणि मोठं घबाड म्हणजे एका मुलाच्या घराचं काम निघालं तेव्हा माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली, तिच्यात मुंबईच्या दलालांकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, आहेत. बऱ्याचशा १९६० ते ७५ मधल्या. कसर लागलीय, पण शाई वाचता येते.

माझ्या अडचणी दोन. एक, आंबा एप्रिल-मेमध्ये आणि शाळेला तेव्हा सुट्टी. मुलांना 'बघा' म्हणायला झाडावर काही नसतं. दुसरी जरा बारीक आहे. पट्टीवर भाडं, हमाली, दलाली हे कळतं, पण खाली 'तार' असा एक खर्च आहे. मुलं म्हणतात पेटी बांधायची तार. असेल का?

रायवळ · २ जून

ताई, विषय छान काढलात. त्या 'पोर्तुगीजांनी आणला' पासूनच सुरुवात करा, कारण ते वाक्य अर्धं बरोबर आहे आणि अर्धवट बरोबर वाक्यांवर वर्गात जितकी मजा येते तितकी पूर्ण चुकीच्यावर येत नाही.

आंबा आपलाच, त्यात वाद नाही. काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ ही मंडळी मात्र अमेरिका खंडातून आली. काजू आणि अननस ही नावंसुद्धा ब्राझीलच्या मूळ लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून इथवर पोचली. म्हणजे मुलं ज्याला गावठी म्हणतात तो काजू परका आणि ज्याला पोर्तुगीज म्हणतात तो आंबा घरचा! गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात काय झालं, तर निवडक झाडांची कलमं बांधून तीच जात टिकवायची पद्धत बागांमध्ये रुजली. फळ आपलं, हात त्यांचा.

आता नावाची गंमत. सगळीकडे लिहिलेलं असतं की आफोन्सो द आल्बुकर्कवरून आल्फान्सो, त्याचा हापूस. आल्बुकर्कने गोवा घेतलं १५१० मध्ये आणि तो वारला १५१५ मध्ये. पाच वर्षांत आणि तेही लढायांच्या धामधुमीत त्याने आंब्याची कलमं बांधत बसणं जरा अवघड वाटतं. नाव त्याच्या आठवणीत मागाहून दिलेलं असू शकतं. पण मनुची नावाचा इटालियन प्रवासी गोव्याच्या आंब्यांची नावं देतो, त्यात 'निकोलाव आफोन्सो' असं एक नाव आहे. म्हणजे हा आफोन्सो भलताच कुणीतरी, कदाचित बागेचा मालक, असाही तर्क करता येतो. मुलांसमोर दोन्ही ठेवा आणि पुरावा कुठला जड ते त्यांना ठरवू द्या. उत्तर सांगू नका. (मलाही कुणी सांगू नका, मी वीस वर्षं या भांडणावर जगतोय.)

अजून एक. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दलचा मजकूर आहे. आंबे-फणस आरमाराच्या कामाचे खरे, तरी त्यांना हात लावू द्यायचा नाही, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. हे सातवीला सहज समजतं. वाचून झाल्यावर एवढंच विचारा की असा हुकूम काढायची वेळ का आली असेल. तोडत असल्याशिवाय कोण 'तोडू नका' म्हणतं?

घाटावरचा · २ जून

विषय गहन आहे. दोन पेट्या पाठवा, प्रात्यक्षिक करून अहवाल देतो.

खुंटरोप · ३ जून

सुट्टीची अडचण खरी आहे, पण आंबा म्हणजे फक्त पिकलेलं फळ असं धरलं तरच. शाळा उघडते जूनच्या मध्याला. तेव्हा प्रत्येक घराच्या परड्यात काय असतं? बाठे. शाळेचं वर्ष आणि आंब्याचं वर्ष नेमकं इथे जुळतं.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला दोन ताजे बाठे आणायला सांगा. वाळलेले नकोत, आंब्याच्या बीची उगवण फार दिवस टिकत नाही. पिशवीत लावा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोवळी पालवी घेऊन कोंब वर येतो. तो कोवळा असतानाच कोय कलम बांधायचं: रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. पावसाळी दमट हवेत हे चांगलं जमतं. चाकू मात्र रोपवाटिकेतल्या माणसाच्या हातात, बांधणं पोरांच्या हातात. निम्मे बाठे कलम न बांधता तसेच वाढू द्या.

यात इतिहास कुठे आला? हापूसचा बाठा लावला तर हापूस येत नाही, रायवळ येतं. आंबट, गोड, जे नशिबात असेल ते. म्हणजे आज तालुक्यात जेवढी हापूसची झाडं आहेत ती सगळी एका काडीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी पुढे आलेली. शाळेमागच्या कलमाचं लाकूड हे वयाने पन्नास-साठ वर्षांचं असेल, पण ते त्या पहिल्या झाडाचाच तुकडा आहे, मधे कुठे खंड नाही. एवढा जुना आणि अजून वाढत असलेला कागद कुठल्या दफ्तरात मिळणार? हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही, काडी हातात धरली की पटतं.

मग त्यांना जुन्या झाडाकडे न्या आणि 'जोड' शोधायला लावा. जुनी झाडं बहुतेक भेटकलमाची. त्या काळी बाठ्याचं रोप कुंडीत वाढवून मातृवृक्षाच्या फांदीपाशी माचण बांधून वर ठेवायचे, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायचे आणि जीव जडला की फांदी कापून वेगळी करायचे. खोडावर खालच्या अंगाला सालीचा पोत अचानक बदलतो, कधी कडं आल्यासारखी जाडी दिसते, तो जोड. खालचा भाग रायवळ, वरचा हापूस. माझ्या अनुभवात पोरांना हे दाखवलं की ती गावभर जोड शोधत फिरतात.

जमलं तर वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्रही दाखवा. १९५७ पासूनचं आहे, काजूच्या वेंगुर्ला जाती तिथल्याच. 'रत्ना' हा नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ मध्ये आला. त्यात साका (फळाच्या आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) होत नाही. तरी बाजार हापूसवरच का अडून बसला, हा प्रश्न तिथल्या लोकांनाच विचारायला लावा, मजा येते.

द्राक्षवेल · ३ जून

मी सोलापूरकडचा, आंब्यातलं फक्त खाणं कळतं. पण जातीच्या नावांवरून इतिहास काढायची युक्ती आम्ही शाळेत केली होती ती सांगतो. 'सोनाका' द्राक्ष सगळ्यांनी खाल्लेलं. मुलांना वाटायचं सोन्यासारखं म्हणून सोनाका. खरं म्हणजे सोलापूर, नान्नज, काळे. नान्नजचे नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत निवडलेलं वाण, आणि गाव-आडनाव त्या नावात दडवून ठेवलेलं. 'तास-ए-गणेश' म्हटल्यावर तासगाव आठवतं. डाळिंबातला 'गणेश' पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमांनी आळंदी वाणाच्या रोपांतून निवडला. ती गणेशखिंडीची बाग १८७३ ची, आणि २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलंय.

तुमच्याकडे रायवळांना घरोघर नावं असणार. ती गोळा करा. एकेका नावामागे कुणाचं तरी परसू किंवा कुणाची तरी सासू निघते.

राखण · ४ जून

सगळं वाचलं. एक बोलू का?

माझं मूळ राजापूर तालुक्यात. आजोबा दुसऱ्याच्या बागेत राखणीला होते, आजी पेट्या भरायला जायची. तुमच्या ट्रंकेतल्या पट्टीवर बागायतदाराचं नाव असेल, दलालाचं असेल. माझ्या आजीचं नाव कुठेही नाही. कातळात सुरुंग लावून खड्डा कुणी काढला, त्यात खालून टोपल्यांनी माती कुणी आणून भरली, झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) घेऊन झाडावर कोण चढलं, हे एकाही कागदावर मिळणार नाही. आणि आज राखणीला नेपाळहून माणसं येतात, त्यांची मुलं तुमच्याच वर्गात बसत असतील. कागदावरून इतिहास काढलात तर तो मालकांचाच निघणार, हे ध्यानात ठेवा.

शिवाय आमच्या बाजूला खोती होती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचाच जमिनीवर वरचष्मा. ती कायद्याने गेली १९४९ च्या कायद्यानंतर, पण त्याआधी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं होतं. जमीन एकाची, कसणारा दुसरा आणि त्यात लावलेलं झाड तिसऱ्याचं, हे कोकणात नवीन नाही. झाड लावायला माणूस धजतो कधी? ते आपल्याकडे राहील याची खात्री असते तेव्हा. आंबा-काजूची लागवड आणि जमिनीचा हक्क वेगळे शिकवता येत नाहीत.

हापूसभक्त · ४ जून

अहो, बारा वर्षांची पोरं आहेत. मालक-मजूर कशाला आणताय आंब्यात? मधुर विषय मधुरच राहू द्या.

राखण · ४ जून

माझे वडील बारा वर्षांचे होते तेव्हा पेट्या डोक्यावर घेऊन बंदरात उतरायचे. त्या वयाला त्यांना सगळं कळत होतं.

पेटीबंद · ५ जून

मी बाजारात आयुष्य काढलं. सुरुवात क्रॉफर्ड मार्केटात, नंतर घाऊक फळबाजार वाशीला गेला तेव्हा तिथे. आता निवृत्त. पट्टी वाचायला शिकवतो.

पट्टी म्हणजे बागायतदाराला येणारा हिशेब. वर तारीख, मालाची खूण (प्रत्येकाची खूण वेगळी असे, पेटीवर रंगाने काढलेली, ती खूण मुलांना शोधायला लावा), पेट्यांची संख्या, डझन, दर. एका शिपमेंटमध्ये तीन-चार दर दिसतील, कारण मोठं फळ वेगळं, मध्यम वेगळं, बारीक वेगळं. 'डागी' लिहिलं असेल तर तो खराब निघालेला माल. त्यावरून भांडणं व्हायची, कारण डागी किती हे आम्हीच ठरवणार आणि बागायतदार दोनशे मैलांवर. खरं सांगतो, सगळेच प्रामाणिक नव्हते. मी होतो असं मीच म्हणणार ना.

खाली खर्च. बोटभाडं असेल तर माल बंदरातून आलाय, ट्रकभाडं असेल तर रस्त्याने. कुठल्या सालापासून बोट जाऊन ट्रक आला हे तुमच्या ट्रंकेतच सापडेल, पुस्तकात कशाला बघायचं. एकूण विक्रीतून खर्च वजा जाऊन खाली जी रक्कम उरते ती घरी गेली. दर शंभर रुपयांतले किती घरी पोचले हे सातवीचं शेकडेवारीचं गणित आहे.

तारेचं मला माहीत आहे, पण सांगत नाही. मुलांना म्हणावं तीन पट्ट्या शेजारी मांडा, एक कमी पेट्यांची, एक जास्त, एक मधली. पेट्यांचा आकडा आणि तारेचा आकडा ताडून बघा.

कातळफूल · ५ जून

पेटीबंद काका, तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं. राखण, तुमचं म्हणणं मनाला लागलं. माझ्या वर्गात तशा दोन मुली आहेत, वडील राखणीला असतात. त्यांनी मागच्या वर्षी निबंधात बाकीच्यांचंच उतरवलं होतं.

सुरंगी · ८ जून

मी कुडाळची. तुम्ही सगळे आंबा-आंबा करताय म्हणून आठवण करून देते, आपल्याकडे फळांचा सगळ्यात जुना पट दरवर्षी आपणच टांगतो. माटवी! गणपतीच्या वरती बांधतो ती. नारळ, सुपारीचं शिपट, कवंडळ (रानवेलीचं फळ), आंबाडे, चिबूड, शेतातलं-रानातलं जे जे त्या वेळी असतं ते. मुलांना आपापल्या घरच्या माटवीतल्या वस्तूंची नावं लिहून आणायला सांगा आणि आजीला विचारायला सांगा की तिच्या लहानपणी काय असायचं जे आता नाही. एका घरची यादी काही नाही, एकोणीस घरच्या शेजारी ठेवल्या की गावच्या रानाचं काय झालं ते दिसतं. बाजारातून विकत आणलेलं सफरचंद कुठल्या घरच्या माटवीत कधी शिरलं हेही विचारा, लोक लाजतात पण सांगतात.

आणि ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असते, २००२ च्या कायद्याप्रमाणे केलेली. काही ठिकाणी खरोखर फिरून केलीय, काही ठिकाणी शेजारच्या गावची उतरवलीय. तुमच्या गावची कुठली हे पोरांना पडताळून बघू द्या. रायवळांची नावं त्यात नसतील तर पोरंच भर घालतील.

सावंतवाडीच्या लाकडी फळांचाही एक तास करा. रंगीत आंबा, काजू, अननस, सीताफळ एका परडीत. रायवळ म्हणाले त्यातली निम्मी परकी फळं आपल्या खेळण्यात कधीच मुरून गेली.

कातळफूल · २१ जून

शाळा सुरू झाली. आधी माझी फजिती सांगते, म्हणजे दुसरं कुणी त्यात पडणार नाही.

उत्साहात मी मुलांना सांगितलं, घरी सातबारा असेल तर बघा, गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते, इतर हक्कात काय लिहिलंय तेही उतरवून आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पालक शाळेच्या पायरीवर उभे. 'सातबारो तुमका कित्याक व्हयो?' त्यांच्या घरात भावाभावांत वाटणीचा दावा चालू होता आणि त्यांना वाटलं दुसऱ्या भावाने बाईंकरवी कागद काढवलाय. अर्धा तास समजूत काढली. चहा झाला, पण सातबारा तिथेच बंद केला. राखण, जमिनीचा हक्क शिकवायचाय, पण चालू भांडणाच्या कागदावरून नाही, एवढं मी शिकले. आता जुना, कुणाचा जीव अडकलेला नाही असाच कागद.

मग आम्ही कागद सोडून जमीनच वाचायला गेलो. शाळेमागच्या बागेत झाडं वाकडीतिकडी, जिथे कातळात भेग होती तिथे लावलेली. रस्त्यापलीकडची बाग मात्र वहीतल्या रेघांसारखी, दोन झाडांत दहा मीटर. पोरांनी दोरीने मोजलं. का असं, म्हणून विचारत गेलो तर एक काका म्हणाले, ती सरकारी योजनेतली. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड आली तेव्हाची. पोरांनी मग गावाच्या नकाशावर रेघांच्या बागा हिरव्या आणि वाकड्या बागा लाल रंगवल्या. लाल सगळ्या खाडीच्या बाजूला आल्या आणि हिरव्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. एक मुलगी म्हणाली, 'बाई, पयल्यांदा बंदराजवळ लावल्यानी, कारण पेटये न्हेवक बरां.' हे मी शिकवलं नव्हतं.

गडग्याचंही (बागेभोवतीच्या दगडी बांधाचंही) तसंच. जिथे झाड गेलंय पण गडगा उरलाय अशा तीन जागा त्यांनी शोधल्या.

जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअरही उघडलं, पण सिंधुदुर्ग नावाने शोधत बसू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. १८८० चं जे आहे ते रत्नागिरी आणि सावंतवाडीचं. इंग्रजी आहे, मी बंदर-व्यापारातले दोन परिच्छेद मराठीत करून दिले. मुलांना आपल्या खाडीचं नाव छापलेलं बघून जो आनंद झाला तो मजकुरापेक्षा मोठा होता.

रायवळ · २१ जून

बंदराजवळ आधी आणि सड्यावर नंतर! या मुलीला माझ्यातर्फे एक पेटी.

घाटावरचा · २१ जून

बघा, पेट्या वाटणं चालू झालं. मी पहिला नंबर लावला होता.

कातळफूल · २८ जुलै

बाठे एकूण अडतीस. उगवले एकतीस. सोळा कलमं बांधली, बाकी रायवळ म्हणून सोडली. खुंटरोप म्हणाले तसा रोपवाटिकेतला माणूस आला होता, त्याने चिरा दिल्या, मुलांनी पट्ट्या गुंडाळल्या. एकाने इतकी आवळली की काडी मोडली. तो रडला, मग त्याला दुसरी दिली.

जोड सापडले. शाळेमागच्या बागेत सात झाडांना स्पष्ट आणि दोघांना 'असेल बहुतेक'. त्या 'असेल बहुतेक'वर वर्गात दोन तट पडले आहेत, अजून मिटलं नाही.

आता तार. ट्रंकेतल्या तीन पट्ट्या मांडल्या. एक चार पेट्यांची, एक अकरा, एक तेवीस. हमाली पेट्यांबरोबर वाढत होती, भाडंही. तार तिन्हीवर एकसारखी. दहा मिनिटं शांतता. मग ट्रंकवाल्या मुलानेच म्हटलं, पेटी बांधायची असती तर तेवीस पेट्यांना जास्त लागली असती. मग ही एकदाच लागणारी कसली तार? विजेची? एकाने सुचवलं, दलालाने घरी लाईट घेतली आणि बिल आपल्या माथी मारलं. शेवटी मी पोस्टमन काकांना वर्गात बोलावलं. त्यांनी खिशातून काही काढलं नाही, नुसतं टेबलावर बोटाने कड-कट्ट, कड-कट्ट वाजवलं. मुलांना ठाऊकच नव्हतं असं काही असायचं. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, तेव्हा यातली बरीचशी पोरं जन्मलीही नव्हती.

पेटीबंद · २९ जुलै

बरोब्बर. भाव चढला-उतरला, माल पोचला, 'माल थांबवा' किंवा 'लवकर धाडा', सगळं तारेने. खर्च शेतकऱ्याच्या पट्टीत. त्या तारेच्या भरवशावर माणूस ठरवायचा की उद्या तोडायचा की चार दिवस थांबायचं. तार उशिरा मिळाली की माल उतरत्या भावात सापडायचा.

शेकडेवारीचं काय झालं?

कातळफूल · २९ जुलै

केली. पट्टीगणिक वेगळी आली. ज्या पट्टीत डागी जास्त, तिथे निम्म्याच्या आसपासच घरी. मुलं चिडली. मग राखण यांनी सांगितलेलं काम दिलं: घरी आलेल्या त्या पैशातून पुढे कुणाकुणाला गेले असतील त्यांची नावं शोधा. तोडणारे, वाहणारे, पेटी भरणाऱ्या, पेंढा विकणारे, पेट्या ठोकणारा सुतार, होडीवाला. पट्टीवर तीन नावं होती, आमच्या फळ्यावर सव्वीस झाली. राखणीवाल्या दोन मुलींपैकी एकीने वडिलांशी बोलून रात्रीच्या राखणीचं लिहून आणलं, वांदर आणि कोल्हे कसे येतात, टॉर्च कधी मारायची, कधी नाही. अडीच पानं. मागच्या वर्षी तिचा निबंध नऊ ओळींचा होता.

हापूसभक्त · ३० जुलै

मान्य. माझं 'मधुर विषय' परत घेतो. ती अडीच पानं टंकून इथे टाकाल का? वाचायची आहेत.

कातळफूल · ३० जुलै

तिच्या वडिलांना विचारून, नाव न घालता टाकते.

सुरंगी · १८ सप्टेंबर

गणपती झाले. माटवीचं काय?

कातळफूल · २० सप्टेंबर

एकोणीस घरांपैकी चौदा याद्या आल्या. कवंडळ अकरा घरांत, पण त्यातल्या सहांनी विकत आणलं. पूर्वी विकत घ्यायला लागत नव्हतं हे प्रत्येक आजीने सांगितलं, काहींनी जरा रागानेच. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत रायवळांची चार नावं होती, आमची सतरा झाली. ग्रामसेवकांनी कागद ठेवून घेतलाय, बघू.

कलमं सोळापैकी नऊ जगली. दोन शाळेत, सात मुलांनी घरी नेली. ट्रंकवाल्या मुलाने आपलं कलम ट्रंक सापडली त्या माळ्याच्या खाली, मागीलदारी लावलंय.

आणि त्याच्या आजीची गोष्ट राहिली. सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढून झाल्यावर ट्रंक परत द्यायला मी स्वतः गेले होते. आजीला वाचता येतं. चष्मा लावून तिने एकेक पट्टी बघितली. १९६८ च्या एका पट्टीवर थांबली, बोट ठेवलं आणि म्हणाली, 'हयसर सा डझन डागी लिवल्यानी. एकय आंबो डागी नव्हतो. ती पेटी मी माज्या हातान भरल्लंय.' त्या वर्षी ती नवी नवरी होती. घरात सासऱ्यांनी तिलाच बोल लावला होता की पेंढा नीट घातला नाहीस.

पेटीबंद काका, १९६८ मध्ये तुम्ही बाजारात होतात का हो?

पेटीबंद · २० सप्टेंबर

त्या साली नुकताच लागलो होतो, चिठ्ठ्या लिहायला. आजींना माझं गाव सांगू नका.